कोर्ट उठेपर्यंत

श्यामकांत ‘कबूल आहे’ म्हणाले तेव्हा कुमुदिनीला काही म्हणजे काही वाटलं नाही. समन्स आल्यापासून ते दोन शब्द घरात पाहुण्यासारखे राहत होते. दाढी करताना ते आरशाला म्हणून दाखवत, आणि ती ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “एवढं पुटपुटलात तर मॅजिस्ट्रेट पुन्हा विचारेल, मग पुन्हा म्हणावं लागेल.” त्यामुळे उल्हासनगरच्या कोर्टात पुकारा झाला, नावाच्या आधी ‘आरोपी’ लागलं, हे शर्टाची बाही नीट करत पुढे गेले आणि शब्द बऱ्यापैकी खणखणीत आले, तेव्हा तिला उलट हायसंच वाटलं, गॅदरिंगमध्ये आपल्या मुलाला त्याचं वाक्य आठवलं की वाटतं तसं. धक्का बसला तो पुढच्या वाक्याला, जे तालमीत नव्हतंच. मॅजिस्ट्रेट बाईंनी फाइलमधून मान वर न करता विचारलं, “शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” इथे म्हणायचं होतं की मी रिटायर्ड माणूस, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, दया व्हावी. कंपनीच्या वकीलबाईंनी तसं पाठ करून घेतलं होतं. श्यामकांत म्हणाले, “मॅडम, जाळी काढायला मीच सांगितलं होतं.” टाइप करणाऱ्या माणसाची बोटं कधीच थांबली होती. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, “हो, तेच तर कबूल केलंत तुम्ही,” आणि शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत कैद, आणि दंड, दंड न भरल्यास महिनाभर साधी कैद. पंखा फिरत राहिला. पुढचा पुकारा झाला. त्या अख्ख्या खोलीत ते वाक्य ऐकलं एकट्या कुमुदिनीनेच, आणि मांडीवरची पाण्याची बाटली तिने उगाच घट्ट धरली.

कारण घरातलं वाक्य वेगळं होतं. सहा वर्षांपूर्वी, अंबरनाथच्या एमआयडीसीत ते ज्या रबराच्या कारखान्यात होते तिथे कैलास नावाच्या ऑपरेटरचा उजवा हात दोन रोलांच्या मध्ये गेला, त्या संध्याकाळी श्यामकांत बूट न काढता सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “एका पोराने जाळी काढून हात घातला.” रोलांच्या पुढे लोखंडी जाळी असते, ती असली की हात आत जात नाही, आणि मालही जरा हळू निघतो, एवढं तिला नंतर कळलं. कारखान्याच्या परवान्यावर मॅनेजर म्हणून नाव ह्यांचं, म्हणून सरकारने केस ह्यांच्यावर केली. त्या केसला सगळे फॉर्मॅलिटी म्हणत. सून चैत्राली पुण्याहून फोन करायची तेव्हा “बाबांच्या फॉर्मॅलिटीचं काय झालं” असं एखाद्या जुन्या दुखण्याची चौकशी करावी तसं विचारायची. कुमुदिनीचा स्वभाव संशयी नव्हता, निदान तिच्या मते. तपासून घेण्याचा होता. भाजीवाल्याचा काटा ती बघायची, मुलगा सोहम ‘पेपर बरा गेला’ म्हणाला की त्यातला ‘बरा’ बघायची. पण हे एक वाक्य तिने न तपासता घेतलं, आणि घेतलं तसं ठेवलंही नाही. शिवमंदिराकडे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, आणि सांगता सांगता सुधारलं. घाई असते ना त्यांना. साहेबांची पाठ वळली की काढतात. किती सांगायचं ह्यांनी तरी. ह्यातलं एक अक्षर ह्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं. हॉस्पिटलातसुद्धा ती गेली होती, थर्मासमध्ये पेज घेऊन. कॉटशेजारी स्टुलावर कैलासची बायको, किर्ती, हातातला हिरवा चुडा अजून नवा. कुमुदिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, “जाळी काढायला नको होती गं त्यांनी.” प्रेमाने म्हणाली होती, आणि नेमकं तेच आता खुपत होतं. ती मुलगी त्यावर नुसती मान वळवून कॉटवरच्या नवऱ्याकडे बघत राहिली होती. तेव्हा वाटलं होतं, बिचारी घाबरलीय. आता ह्या बाकावर बसून वाटलं, ते बघणं घाबरलेल्या माणसाचं नव्हतं. तिथे त्या क्षणी काहीतरी ठरत होतं.

शिक्षा भोगायची जागा म्हणजे भिंतीलगतचं एक बाक. श्यामकांत त्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, बँकेत टोकन घेऊन बसतात तसे. कॉन्स्टेबल म्हणाला होता, बाहेर जायचं नाही, लघवीला जायचं तर सांगून जायचं, बाकी आरामात बसा. आणि ते खरंच आरामात बसले होते, ह्याचाच तिला राग यायला लागला. समोर एकामागून एक माणसं उभी राहत होती. कोणी पिऊन दंगा केलेला, कोणी झाडाखाली पत्ते खेळताना धरलेला, कोणी गाडी वेडीवाकडी चालवलेला. कबूल? कबूल. दंड. शाळेत हजेरी द्यावी तसे सगळे गुन्हा देत होते. एकजण तर नाव पुकारल्याबरोबर प्रश्नाची वाट न बघता कबूल म्हणाला, आणि मॅजिस्ट्रेट बाईसुद्धा गालात हसल्या. कुमुदिनीला वाटलं, ह्या रांगेत कोणी खरोखरच कबूल केलं तर ते कळणार कसं? आणि त्याच्या मागून दुसरा विचार आला, जो तिला मुळीच आवडला नाही. ह्यांना हे माहीत असणार. हे जागा बघून बोलले असणार. हा माणूस बोलतो, नाही असं नाही, पण केव्हा बोलतो? छातीत दुखत होतं हे सांगितलं ते कार्डिओग्राम नॉर्मल आल्यावर. बदलापूरचा प्लॉट घ्यायचा मनात होतं हे सांगितलं ते दुसऱ्याने घेतल्यावर. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात तिची आठवण काढली होती हे सांगितलं त्यांच्या वर्षश्राद्धाला, वरणावर तूप वाढून घेताना. ज्या दिवशी बोलून काही बिघडणार नाही, त्या दिवशी ते बोलतात. आजही बोलले ते ‘कबूल’ म्हणून झाल्यावर, शिक्षा ठरल्यातच जमा असताना, नोकरी संपून तीन वर्षं झाल्यावर, आणि जिच्या नवऱ्याचा हात गेला ती बाई तिथे नसताना. खरं बोलण्यासाठी एवढा सोयीचा मुहूर्त शोधून सापडला नसता. मग तिने स्वतःलाच दटावलं. माणूस उभ्या कोर्टात खरं बोलला आणि तू त्याचं वजन करत बसलीस. पण काटा एकदा हातात आला की कुमुदिनीला तो खाली ठेवता येत नसे.

दुपारी कोर्ट जेवायला उठलं. तिने कॉन्स्टेबलला विचारून घेतलं, “हे उठणं धरत नाहीत का?” तो म्हणाला, “काकी, संध्याकाळचं उठणं धरतात.” वकीलबाई, जिज्ञासा, इथल्याच कॅम्प तीनमधली सिंधी मुलगी, सोहमपेक्षाही लहान, दोन द्रोणांत दाल-पकवान घेऊन आली. “आंटी, खाओ. अंकलने मस्त केलं हां. एक मिनट में खतम.” कुमुदिनीने विचारलं, “ते शेवटी जे बोलले, ते लिहून घेतलं का गं?” जिज्ञासाला आधी आठवेचना. मग म्हणाली, “अच्छा वो. नाही आंटी, ते कशाला घेतील? कबूल झालं की विषय संपला. अजून कबूल करून काय डबल शिक्षा घ्यायची?” आणि हसली. “पण ते खरं असलं तर?” “कबूल म्हणजे खरंच ना आंटी.” तिच्या चेहऱ्यावर खोट नव्हती, एवढी स्वच्छ मुलगी की तिच्यापुढे संशय घ्यायचीसुद्धा लाज वाटावी. “आणि दंड?” “भरून आले ना मी, खालच्या खिडकीवर. कंपनीने दिलाय. पावती अंकलच्या नावाने. कोर्टाला काय, दंड आला पाहिजे, कोणत्या खिशातून आला ते कोण बघतं?” कुमुदिनीने पकवानाचा तुकडा मोडला. म्हणजे शिक्षांमध्ये ही एक अशी आहे, तिच्या मनात आलं, की ती दुसऱ्याने भोगली तरी चालते. फाशी तशी देता येत नाही, तुरुंगात भावाला बसवता येत नाही. दंड मात्र कोणीही भरावा आणि ज्याने केलं त्याने घरी जावं. तिला आपली आई आठवली. ठाकुर्लीच्या घरी दादाने काच फोडली की आई शेजारच्या काकूंकडे जाऊन स्वतः रडवेली व्हायची, माफी मागून यायची, आणि दादा गॅलरीत उभा राहून सगळं बघायचा, जणू काही दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. त्या दादाला पुढे कशाचीच माफी मागता आली नाही, बायकोचीसुद्धा. श्यामकांतांना तरी कुठे येते. एकतीस वर्षं त्यांच्या वतीने बोलायचं काम तिचंच. लग्नात कोणाचं नाव आठवलं नाही की ते तिच्याकडे बघतात. सोहमवर हात उगारला होता, त्याची समजूत तिने काढली. कामवाल्या मावशींना ते तोडून बोलले, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर चिवडा तिने दिला. तिला अचानक वाटलं, ह्या घराची खालची खिडकी आपणच आहोत.

दुपारनंतर खोली रिकामी होत गेली. ती उठून त्यांच्या बाकावर जाऊन बसली. कॉन्स्टेबलने बघून न बघितल्यासारखं केलं. पुढे कुठल्या तरी भाडेकरूची तारीख चालली होती. तिने समोर बघतच विचारलं, “अहो, ते खरं होतं?”

“काय?”

“जाळीचं.”

“मग कोर्टात खोटं बोलेन का मी?”

“सहा वर्षं घरात बोललातच की.”

त्यांनी गुडघ्यांवरचे हात उचलून पुन्हा तिथेच ठेवले. अवघड प्रश्न आला की त्यांच्या मनगटावरची शीर उडते हे तिला माहीत होतं, म्हणून ती तिकडे चोरून बघत राहिली. मग ते म्हणाले, “माल जायचा होता गं. जाळी असली की शीट अडकायची, सारखं थांबायला लागायचं. मी म्हटलं, आजच्यापुरती काढा. तो नको म्हणाला होता.”

“कोण?”

“कैलास. म्हणाला, साहेब, रिस्क आहे. मी म्हटलं, मी आहे ना.” आणि मग त्यांनी कुडीतून काहीतरी मोठं बाहेर टाकल्यासारखा श्वास सोडला. “जाऊ दे. आज सांगून टाकलं ना मी. बरं वाटलं.”

“कोणाला सांगितलंत?” कुमुदिनी म्हणाली.

ते तिच्याकडे बघायला लागले. प्रश्न कळला नाही असा चेहरा त्यांना छान जमायचा, पण हा तो चेहरा नव्हता. कळलाय आणि कळायला नको होता, असा होता. कैलासने चौकशीत लिहून दिलं होतं की जाळी मीच काढली. ते कसं लिहून दिलं, कोणी समोर बसून लिहवून घेतलं, हे विचारायची तिला आता गरज उरली नाही. ‘मी आहे ना’ हे शब्द मात्र तिच्या कानात राहिले. हेच तीन शब्द सोहमच्या वेळी लेबर रूमच्या दारात ऐकून ती निर्धास्त आत गेली होती.

साडेपाचच्या सुमारास मॅजिस्ट्रेट बाई उठल्या, सगळे उठले, आणि श्यामकांतांची शिक्षा भोगून झाली. बाहेर रिक्षावाल्याला ते म्हणाले, “अंबरनाथ, शिवमंदिर.” कुमुदिनी आत सरकून बसली आणि म्हणाली, “बदलापूर, बेलवली.” रिक्षावाल्याने आरशातून दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “पहिले आपस में तय कर लो, काकी.” “तय हो गया,” ती म्हणाली. अंबरनाथ मागे पडलं. श्यामकांत म्हणाले, “आत्ता? असं न कळवता?” ती म्हणाली, “हात कळवून गेला होता का?” आणि लगेच वाटलं, हे जरा जास्तच झालं, पण परत घेतलं नाही. त्यांनी रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर तोंड केलं. बेलवलीत शिरल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, किधर से, आणि कैलास बेलवलीचा, ह्यापलीकडे तिला पत्ता माहीत नाही हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. श्यामकांत म्हणाले, “उजवीकडे. विहिरीच्या पुढून घे. ते हिरवं शटर.” एकदाही अडखळले नाहीत. तिचा संशय पुन्हा मान वर करून बसला. “किती वेळा आलात इथे?” “आत नाही गेलो कधी,” ते म्हणाले. हे खरं की आत्ता, ह्या गल्लीच्या तोंडाशी सुचलेलं, हे तिला ठरवता येईना. दोन्ही असू शकतं, असं वाटून तिला त्यांची दयाही आली, आणि दया आली म्हणून पुन्हा संशय आला.

हिरव्या शटरमागे पिठाची गिरणी होती. गिरणी चालू होती, म्हणून सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. मोटारीवरून गेलेल्या पट्ट्याला घरीच वळवलेल्या जाड तारेची जाळी बसवलेली. श्यामकांतांची नजर आधी तिथे गेली आणि तिथून उचलली गेली. किर्ती डबे लावत होती, पापण्यांवर पीठ. तिने ओळखलं ते कुमुदिनीला, साहेबांना नंतर. “मॅडम? या, या. अहो, बघा कोण आलंय.” कैलास आतून आला. उजवा हात, उरलेला तेवढा, खिशात. हसून डावा पुढे केला. “साहेब, आमचा शेकहँड आता असाच. बसा. ए, चहा टाक.” मागच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, “कोन आलंय गो?” किर्ती ओरडून म्हणाली, “कंपनीचे साहेब.”

“आज तारीख होती ना तुमची?” कैलासने विचारलं. “मला पण साक्षीचं समन्स होतं. मग वकील मॅडमचा फोन आला, येऊ नका, गरज नाही. म्हटलं चला, गिरणी तरी बंद नको.” श्यामकांत म्हणाले, “हो. संपली केस.” “काय लागलं?” “दंड झाला.” “कंपनीने भरला असेल.” “हो.” “मग सुटलात,” कैलास म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही हे गिरणीच्या आवाजात कळायला मार्ग नव्हता. किर्तीने चहाचे कप आणि बिस्किटांची ताटली स्टुलावर ठेवली. “तुम्हाला उगाच हेलपाटे, साहेब. चूक आमच्या ह्यांची आणि कोर्टात तुम्ही.” कैलास डब्यांकडे बघायला लागला. कुमुदिनीने विचारलं, “कैलासच तसं म्हणतात का?” किर्ती हसली, पण तिचं हसू नवऱ्याच्या दिशेला गेल्यावर बदललं. “हे कशाला म्हणतील? हे म्हणायचे, साहेबांनी सांगितलं म्हणून काढली. आधी आधी तर रोज भांडायचे ह्यावरून. मी म्हटलं, साहेबांच्या बाई स्वतः हॉस्पिटलात येऊन मला सांगून गेल्या. त्या थर्मास घेऊन आल्या होत्या, त्या कशाला खोटं बोलतील? तेव्हापासून गप्प आहेत. माणसाने चूक केली तर मान्य करावी ना, मॅडम?”

कुमुदिनीने कप हातात घेतला होता, तो तसाच राहिला. सहा वर्षं. ह्या दोघांच्या जेवणात, झोपण्यात, पोराबाळांत तिचं ते प्रेमाने बोललेलं वाक्य पीठ साचावं तसं कानाकोपऱ्यात साचलेलं. एक माणूस हात गमावून वर घरात खोटा ठरून बसला होता, आणि गिरणी चालवत होता. ती म्हणाली, “किर्ती, मी तेव्हा बोलले ते मला माहीत नसताना बोलले. मी तिथे नव्हते. ऐकलेलं बोलले, आणि चुकीचं बोलले.” आवाजामुळे तिला हे ओरडून म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हटल्यावर ते भांडणासारखं वाटलं. किर्तीचे हात थांबले. “म्हणजे?” ती म्हणाली. मग श्यामकांतांकडे वळली. “साहेब, म्हणजे काय?”

“नाही, आम्ही सहज आलो होतो,” श्यामकांत म्हणाले. “म्हणजे, इकडे होतो, म्हटलं—” पुढचं गिरणीने दळून टाकलं. कैलास त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तो शांतपणे उठला. “थांबा साहेब, बंद करतो. ऐकू येत नाही.” त्याने डाव्या हाताने बटण दाबलं. पट्टा लगेच थांबला नाही; आवाज हळूहळू उतरत गेला आणि गल्लीतली मुलं, कुठला तरी टीव्ही, आत म्हातारीचं खोकणं असं एकेक ऐकू यायला लागलं. दळण न्यायला आलेली एक बाई पायरीवरच थबकली. “हां, बोला,” कैलास म्हणाला. “काय म्हणत होतात?”

श्यामकांतांनी कुमुदिनीकडे बघितलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. लग्नाच्या मांडवातली, सोहमच्या बंद दाराबाहेरची. आणि तिच्याकडे वाक्य तयार होतं. कुणाला फार लागू नये असं सुरू होणारं, साहेबांचा मान राहील आणि किर्तीलाही कळेल असं, मध्ये माल जायचा होता हेही येईल असं, व्यवस्थित. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. तिने ताटलीतलं एक बिस्किट उचललं, अख्खंच्या अख्खं तोंडात घातलं, आणि किर्तीकडे बघत चावायला लागली. बिस्किट कोरडं होतं. लवकर संपणारं नव्हतं.